चुलीपुढची चतकोर भाकर

माझ्या मायचं निम्म्याहून अधिक जठर डॉक्टरांनी कापून काढलं, तेव्हा मी खामगावात कॉलेजला जात होते. तिच्या पोटात व्रण होता. तो किती वर्षं होता हे कुणालाच ठाऊक नाही, कारण चुलीतली ऊन वीट फडक्यात गुंडाळून पोटाशी धरायची आणि तशीच कामं उरकायची, ही तिची सवय आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो. एक दिवस तिला रक्ताची उलटी झाली, तेव्हा जिल्ह्याबाहेरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या लोकांनी तिचा जीव वाचवला. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

सुट्टी देताना डॉक्टर व्हरांड्यात उभे राहून बाबांशी बोलले. पोट आता लहान झालं आहे, एकदम भरून चालणार नाही, थोडं थोडं खायचं, दिवसातून पाच-सहा वेळा खायचं. ज्या बाईच्या पोटाबद्दल हे बोलणं चाललं होतं, ती चार हात अंतरावर गाठोड्यावर बसून होती. तिच्याकडे पाहून कुणी काही सांगितलं नाही.

बाबा तेलगिरणीत कामाला होते आणि कामगारांच्या युनियनचं काम करायचे. त्यांना भाषणं पाठ करायची सवय. घरी आल्यावर त्यांनी डॉक्टरांचा शब्द न् शब्द सांगितला. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, नवरा वारल्यापासून अमडापूर सोडून आमच्याकडेच राहत होती. माय दवाखान्यात असताना सगळी चूल तिनेच सांभाळली होती. ती हसून म्हणाली, "पाच-सहा डाव? बकरी हाये काय व ते, दिवसभर तोंड हालवाले?" मायही हसली. बाबाही हसले. त्या हसण्यातच डॉक्टरांचा निम्मा सल्ला संपला. "थोडं खा" तेवढं राहिलं. "पाच-सहा वेळा" घरात शिरलंच नाही.

आमच्या घराबद्दल इथे सांगायला हवं. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. भिंतींचा पोपडा निघाला की बाबा त्यावर उरलेली पत्रकं चिकटवायचे. संयुक्त महाराष्ट्राची, वेगळ्या विदर्भाची, गिरणीतल्या मागण्यांची, सभांची, गुलाबी, पिवळी, हिरवट. एकमेकांचे वैरी असलेले कागद आमच्या भिंतीवर शेजारी शेजारी नांदत. मी अक्षरं त्यांच्यावर शिकले. शाळेच्या पुस्तकात 'कमळ' वाचायच्या आधी मी 'पिळवणूक' वाचलं होतं, अर्थ कळायच्या आधी. ती पत्रकं चिकटवायची खळ माय करायची. ज्वारीच्या पिठाची, त्यात चिमूटभर मोरचूद टाकून, म्हणजे कसर लागत नाही. गावात कुठेही पत्रक लागलं की त्यामागे मायच्या चुलीवरची खळ असायची. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं.

आणि या घरात जेवणाचा क्रम असा होता: आधी बाबा आणि त्यांच्याबरोबर आलेले लोक, मग कॉलेजात जायचं म्हणून मी, मग आत्या, आणि सगळ्यांचं झालं, भांडी एका बाजूला झाली, की माय. हा नियम कुणी केला नव्हता. म्हणूनच तो मोडायचं कुणाच्या मनात येत नव्हतं. आपल्याकडे बाईचं जेवण हे दिवसभराच्या कामांतलं शेवटचं काम असतं, आणि शेवटचं काम माणूस जसं उरकतो तसंच ती ते उरकते.

दवाखान्यातून आल्यावर शेजारपाजारच्या बायका मायला भेटायला येत. कुणी शेवयांची खीर आणायचं, कुणी दूध-साखर, कुणी शिरा. गोड आणि पातळ, म्हणजे पचायला हलकं आणि अंगाला लागणारं, असं सगळ्यांचं ठरलेलं. आत्या तिच्यासाठी वरण पाण्यासारखं पातळ करायची, त्यात भाकर कुस्करायची, वर गुळाचा खडा द्यायची. माय उन्हातून आली की आधी गूळपाणी. यात कुणाची हयगय नव्हती. उलट इतकी माया मायच्या वाट्याला आधी कधी आली नव्हती.

तरी ती वाळत गेली. हातातल्या बांगड्या भाकरी थापताना कोपरापर्यंत चढायला लागल्या. झंपर खांद्यावरून घसरायचं. जेवल्यावर ती कुठेतरी नाहीशी व्हायची. विचारलं तर "जराशी पडते" म्हणायची. पुढे पुढे "भूक नाई" म्हणायला लागली. ऑपरेशनची कमजोरी आहे, भरेल हळूहळू, असं सगळे म्हणत राहिले.

उन्हाळ्यात बाबा तिला गावातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी वजन पाहिलं, पोट दाबून पाहिलं, बाबांना विचारलं, जेवण जातं का? बाबा म्हणाले, जात नाही. उलटी? कधी कधी मळमळते म्हणते. डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरत राहिलं तर पुन्हा मोठ्या दवाखान्यात दाखवावं लागेल. जोडलेल्या जागी आखडलं असेल तर परत उघडावं लागेल. बाबांनी ठरवलं, अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की जायचं.

माय त्या दिवशी पीठ चाळत होती. चाळता चाळता, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मी नाई येत आता. पहिल्या डावी वापस आली, तेच लय झालं. आता टेबलावर निजवलं का मी उठत नसते."

ती घाबरट बाई नव्हती. गिरणीच्या संपात पोलीस दाराशी आले तेव्हा तिने त्यांना पाणी विचारलं होतं आणि बाबांचा ठावठिकाणा सांगितला नव्हता.

कॉलेजला सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी घ्यायला मी स्वयंपाकघरात गेले, तर माय चुलीच्या आडोशाला, दाराकडे पाठ करून जेवत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले. तिला ते आवडलं नाही.

"जाय व. माणसाच्या तोंडाकडे काय पाहून राह्यली?"

मी गेले नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी माझ्या आईला जेवताना कधी नीट पाहिलंच नव्हतं. बाबांची जेवायची तऱ्हा मला पाठ होती, आधी ठेचा, मग भाजी. मायची ठाऊक नव्हती. ती भराभर जेवत होती. पातळ वरणातला भाकरीचा काला, घोटभर पाणी, पुन्हा काला, पुन्हा पाणी, शेवटी गूळ. थोडंच खाल्लं, पण घटकाभरात उरकलं.

ताट धुऊन ती भिंतीला टेकली. थोड्याच वेळात तिचा चेहरा लाल झाला. मग वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब आले, मग कपाळावर. तिने हात छातीवर ठेवला. मी माझा हात ठेवला, तर आत गिरणीचं इंजिन चालू असल्यासारखी धडधड. पोटात गुरगुर इतकी की मला ऐकू येत होती. ती उठून परसाकडे गेली, आली ती भिंतीला धरत, आणि गोधडीवर पडली. पडल्यावर हळूहळू उतरलं.

"रोज असंच होते?" मी विचारलं.

"रोज नाई. कधी कमी, कधी जास्त."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"काय सांगू व? जेवलं का घाम येते, असं सांगू? लोक म्हनतीन, मंग खाते कायले."

पोट कापलेल्या माणसाचं असंच होत असेल, असं तिने धरून घेतलं होतं. भूक नव्हती असं नाही. जेवणाची भीती बसली होती. आणि हे सगळं घडायचं तेव्हा घरात कुणीच नसायचं: बाबा गिरणीत, मी कॉलेजात, आत्या ओसरीवर डुलकी घेत. जी बाई शेवटी एकटी जेवते, तिला जेवल्यावर काय होतं ते कुणाला दिसणार?

त्या दिवसापासून मी तिच्याबरोबर जेवायला बसू लागले. आत्याला गंमत वाटली. "सायबीण आज चुलीपाशी काऊन? कॉलेजात नापास झाली काय?" मला कारण हवं होतं. पत्रकांवर वाढलेल्या माणसाला कारणाशिवाय चैन पडत नाही. खिरीच्या दिवशी मायला जास्त त्रास झाला. एका दिवशी वरण संपलं होतं म्हणून तिने नुसता झुणका आणि कोरडी भाकर खाल्ली, चावून चावून, कारण कोरडी भाकर चावावीच लागते. त्या दिवशी जवळजवळ काहीच झालं नाही. मला वाटलं, योगायोग असेल. ज्या माणसाचं पोट नाजूक, त्याला ज्वारीची कोरडी भाकर कशी मानवेल?

मग अखाजी आली. पुरणाच्या पोळ्या, आंब्याचा रस, कुरडया. बाबांची पंगत उठली, आम्ही बसलो. आत्याने स्वतः वाढायला घेतलं, मायच्या वाटीत रस काठोकाठ ओतला. "वर्षाचा सन हाये. बिमार माणसाचं तोंड गोड व्हाले पाह्यजे." माय नको म्हणाली. आत्या म्हणाली, "माह्या हातचं नाई म्हनते का आता?" मायने वाटी तोंडाला लावली.

ताटावरून उठायच्या आत तिला घाम फुटला. या वेळी ती भिंतीपर्यंतही पोचली नाही, तिथेच जमिनीवर आडवी झाली. डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाली. आत्या घाबरली. बिचारी धावत आत गेली आणि तांब्याभर गूळपाणी कालवून घेऊन आली, कारण चक्कर आलेल्या माणसाला आपण गूळपाणीच देतो. तिने मायचं डोकं उचललं, तांब्या ओठांपाशी नेला.

मी तो तांब्या धरला. "आत्या, देऊ नको. यानंच होऊन राह्यलं तिले."

"सोड व, जीव चालला तिचा."

"जात नाई. पडू दे तिले तशीच."

आत्याने तांब्या सोडला, पण माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मायच्या तोंडचं पाणी तोडते आहे. बराच वेळ तिघी तशाच होतो. मग मायचा श्वास संथ झाला. संध्याकाळच्या आधी पुन्हा एकदा तिचे हात थरथरायला लागले, वेगळीच भूक लागली म्हणाली. तेव्हा मी तिला भाकरीचा तुकडा दिला. तो तिने सावकाश चावला आणि थरथर थांबली. आत्या हे सगळं पाहत होती.

बाबांनी दवाखान्याची पिशवी भरायला काढली होती. मी म्हटलं, आधी इथल्याच डॉक्टरांना पुन्हा दाखवू, आणि या वेळी मी जाते तिच्याबरोबर. बाबा म्हणाले, त्यांनी एकदा सांगितलं आहे, तुला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं का? मी म्हटलं, नाही. पण त्यांनी विचारलं तुम्हाला, आणि तुम्ही तिला जेवताना कधी पाहिलं नाही. बाबा बराच वेळ पिशवीचे बंद सोडत-बांधत राहिले. मग म्हणाले, जा.

डॉक्टरांपुढे मी सांगायला सुरुवात केली. खिरीचं सांगितलं, भाकरीचं सांगितलं. तेवढ्यात माय मध्येच म्हणाली, "तसं नाई. गोडानं होतेच, पन नुसत्या पान्यानंबी होते, जेवता जेवता पेलं तर." मग ती स्वतःच बोलायला लागली. धडधड कधी, घाम कधी, पोट कधी उठतं, पडलं की कसं उतरतं. मी तिला परक्या पुरुषासमोर इतकं बोलताना त्याआधी पाहिलं नव्हतं. डॉक्टर खुर्ची पुढे ओढून ऐकत होते. त्यांनी हिरव्या उलट्यांबद्दल विचारलं, काळ्या शौचाबद्दल विचारलं, जेवण अडकल्यासारखं होतं का विचारलं. या सगळ्याला ती नाही म्हणाली.

मग त्यांनी समजावून सांगितलं. पोट म्हणजे अन्नाची कोठी. कोठी कापली, तिचं दारही गेलं. आता पातळ आणि गोड पदार्थ पोटात थांबत नाही, सरळ आतड्यात कोसळतो, आणि मग शरीर घाबरं होतं. ऑपरेशन झालेल्या बऱ्याच लोकांना होतं हे. गोड बंद. वरण घट्ट. पाणी जेवणात नको, जेवणानंतर बऱ्याच वेळाने. खाऊन झालं की थोडं पडायचं. आणि एका वेळी चतकोर भाकर, पण दिवसातून पाच-सहा वेळा. "आत्ता उघडायची गरज मला दिसत नाही," ते म्हणाले. "असं खाऊन पाहू. वजन थांबलं तर नाहीच. नाही थांबलं, किंवा उलट्या सुरू झाल्या, तर मात्र जावं लागेल."

मायने पदराने तोंड पुसलं. रस्त्यात म्हणाली, "बाकी सगळं करीन. ते पाच-सहा डाव खायाचं काही होत नाई."

मला वाटलं होतं, कारण सापडलं म्हणजे लढाई संपली. पत्रकात असंच असतं; कारण सापडलं की खाली मागणी, आणि मागणीखाली विजय असो. पण मायने गोड सोडलं, जेवणातलं पाणी सोडलं, आणि तरी ती सकाळपासून दुपार टळेपर्यंत उपाशीच राहायची. म्हणायची, सगळ्यांच्या आधी ताट घेऊन कशी बसू? तुझ्या बाबांनी खाल्लं नाही, आणि मी तोंड चालवू? जिला पुन्हा टेबलावर निजायची इतकी भीती, ती बाई चार माणसांच्या आधी चतकोर भाकर खायला धजत नव्हती. मी तिच्यावर चिडले. मग बाबांवर चिडले. आत्याशी तर बोलणंच टाकलं होतं. घरात कुणी वाईट नव्हतं, आणि माझी माय उपाशी मरत होती. हे कुणावर छापायचं?

एके सकाळी ती भाकरी थापत होती आणि मी चुलीत काड्या सारत होते. चुलीमागच्या भिंतीवर एक गुलाबी पत्रक होतं, धुराने तपकिरी झालेलं. ती म्हणाली, "यावर काय लिवलं व? याची खळ म्या दोन डाव केली होती, पहिली पातळ झाली म्हनून."

मी वाचून दाखवलं. गिरणीतल्या कामगाराला कामाच्या मधोमध जेवणाची सुट्टी मिळालीच पाहिजे. उपाशी माणसाकडून काम घेणे हा अन्याय आहे. बाबांनीच लिहिलं होतं ते.

"मंग भेटली काय सुट्टी?"

"भेटली. तो भोंगा होते ना दुपारच्या आधी, तो त्याचाच."

तिने भाकर उलटली. तव्यावरची पहिली भाकर आमच्याकडे बाबांची असायची. फडक्याने दाबून तिने ती फुगवली, उतरवली, आणि टोपल्यात न टाकता तशीच हातात धरून राहिली. आत्या दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने सूप खाली ठेवलं.

"खाय ना व," आत्या म्हणाली. "कवाची पाहून राह्यली तिच्याकडे. मी सांगते त्याले, पहिली जळली म्हनून."

"जळली म्हनून कायले सांगता?" माय म्हणाली. तिने चतकोर मोडली.

त्यानंतर भोंगा हेच आमचं घड्याळ झालं. सकाळचा भोंगा, जेवणाचा, दुपारच्या पाळीचा, संध्याकाळचा. भोंगा झाला की आत्या कुठेही असली तरी ओरडायची, "झाला व बाई आमच्या बकरीचा टाइम." ती चिडवतच राहिली, पण मायच्या वाटणीचं वरण वेगळ्या भांड्यात घट्ट करायला लागली. आणि अंगणातून कुणी खिरीचं पातेलं घेऊन आलं की दारातच त्या बाईला डॉक्टरांची कोठीची गोष्ट ऐकवायची, स्वतःची भर घालून.

पावसाळ्याच्या सुमारास बाबा तिला वजन करायला घेऊन गेले. या वेळी डॉक्टरांनी तिला विचारलं आणि तिने सांगितलं. वजन वाढलं नव्हतं, पण उतरायचं थांबलं होतं. दवाखान्याची पिशवी बाबांनी खुंटीवरून काढली आणि तिच्यात पत्रकं भरून ठेवली.

एक प्रसंग सांगून थांबते. त्या दिवशी बाबांबरोबर जळंबहून युनियनची माणसं आली होती. सभा लांबली, सगळे भुकेले होऊन ओसरीवर पानं मांडून बसले. भाकरी व्हायच्या होत्या. तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला. आतून काही येईना, तेव्हा बाबांनी हाक मारली, "काय झालं व? माणसं बसली."

मी आत होते. मायने तवा उतरवून बाजूला ठेवला होता. चुलीला टेकून, ताट मांडीवर घेऊन ती बसली होती. चतकोर भाकर, घट्ट वरणाचा गोळा, लसणाची चटणी. तोंडात घास होता. तिने तो पुरता चावला, गिळला, आणि मग ओसरीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "थांबा जराशे. मी जेवून राह्यली."

ओसरीवरचा एक जण म्हणाला, "वहिनी, तुमचं होऊ द्या बाप्पा. आमच्या पोटाले दार हाये अजून." कोठीची गोष्ट त्याच्यापर्यंतही पोचली होती. लोक हसले. बाबांचं हसणं मला ओळखू आलं, सगळ्यात उशिरा आलेलं.

माय हसली नाही. तिने पुढचा घास मोडला. मी तिच्यासमोर बसले होते, नेहमीसारखी तिच्या तोंडाकडे पाहत. ती सावकाश चावत होती. भाकर संपली, तिने बोटं चाटली, ताट बाजूला सारलं आणि भिंतीला टेकली. बाहेर माणसं खोळंबली होती. मी थांबले. तिच्या वरच्या ओठावर घाम आला नाही.